दुसऱ्या आठवड्याचं काय झालं?

२६ एप्रिल २०१९ च्या शुक्रवारी दोन पिक्चर एकदम लागले. एक 'ॲव्हेंजर्स : एंडगेम'. लांबी तीन तास एक मिनिट, मागे अकरा वर्षांची आणि एकवीस चित्रपटांची पूर्वपीठिका, पडद्यावर डझनावारी महानायक. दुसरा मकरंद माने यांचा 'कागर'. 'रिंगण'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला दिग्दर्शक, 'सैराट'ची रिंकू राजगुरू नायिका, आणि ऐन लोकसभेच्या धामधुमीत गावाकडच्या राजकारणाची गोष्ट. 'कागर' खरं तर फेब्रुवारीत यायचा होता. रिंकूची बारावीची परीक्षा आली म्हणून तो पुढे ढकलला. परीक्षा चुकवली, तर समोर 'एंडगेम'चा खलनायक थॅनॉस उभा!

नागपुरात मतदान ११ एप्रिललाच उरकलं होतं. शाळांना सुट्या लागायच्या बेतात होत्या आणि पारा ४५ च्या आसपास होता. वैशाखातल्या दुपारी सीताबर्डीवर चिटपाखरू फिरकत नाही. घराघरात कूलर घरघरत असतात आणि ज्याच्या खिशात दोनशे रुपये असतील तो एसी टॉकीजचा रस्ता धरतो. पिक्चर कोणता, हे अशा वेळी फारसं कुणी विचारत नाही. मार्व्हलवाल्यांनी एप्रिलचा शेवट विदर्भाचं ऊन बघून ठरवला नसणार, पण २०१२ चा पहिला 'ॲव्हेंजर्स', २०१८ चा 'इन्फिनिटी वॉर' आणि २०१९ चा 'एंडगेम' हे तिन्ही आपल्याकडे त्याच आठवड्यात आले. या शहराला ते चांगलंच मानवलं.

आकडे सगळ्यांना पाठ आहेत, तरी एकदा सांगून मोकळा होतो. देशभरात पहिल्या दिवसाची निव्वळ कमाई ५३ कोटींच्या वर. ऑनलाइन बुकिंग उघडल्यावर दिवसभरात दहा लाखांच्या घरात तिकिटं गेली. मोठ्या शहरांतल्या काही मल्टिप्लेक्सनी चोवीस तास खेळ लावले आणि त्याचं फार कौतुक झालं. कौतुक करणारे बहुतेक मुंबईचे असावेत, कारण तीनच वर्षांपूर्वी, २०१६ साली, सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपुरात 'सैराट'चे खेळ रात्री बाराला आणि पहाटे तीनला लागले होते. तेव्हा शेतातली कामं आटोपून माणसं ट्रॅक्टरवर बसून पिक्चरला आली होती. तेव्हा कुणी त्याला जागतिक घटना म्हटलं नाही.

मला या लेखात ज्या आकड्याबद्दल बोलायचं आहे तो मात्र वेगळा आहे. 'एंडगेम'नं भारतात पहिल्या आठवड्यात साधारण २६० कोटी कमावले आणि दुसऱ्या आठवड्यात ७८ च्या आसपास. शंभरातले सत्तर रुपये पहिल्या सात दिवसांत आले. पिक्चर लोकांना आवडला नाही म्हणून पुढे गर्दी ओसरली, असं नाही. ज्यांना बघायचा होता ते पहिल्या आठवड्यातच बघून बसले होते. बघितला नाही तर व्हॉट्सॲपवर कुणीतरी सांगणार की शेवटी कोण मरतं. नागपुरात त्या आठवड्यात "सांगू नको ना बे!" हे वाक्य पानठेल्यापासून कोचिंग क्लासच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू येत होतं. पिक्चरचा शेवट कळण्याची एवढी धास्ती आपल्या प्रेक्षकाला पूर्वी कधी नव्हती. 'शोले'त जय मरतो हे माहीत असूनच तर लोक दहा-दहा वेळा जात होते.

मी तो हिंदीत बघितला, भर दुपारच्या खेळाला. पहिला तास तर जवळजवळ सुतकाचा आहे. हरलेली माणसं, रिकामी गावं, एक जण दारू पिऊन ढेरपोट्या झालेला. पोरं चुळबुळत होती, मागच्या रांगेत एका बाळाला बाटली द्यावी लागली. मग शेवटच्या लढाईत कॅप्टन अमेरिका थॉरचा हातोडा उचलतो आणि सगळं थेटर उठून उभं राहिलं. शिट्ट्या, आरोळ्या, पॉपकॉर्नचे दाणे हवेत. पडद्यावर अमिताभची एंट्री झाली की बाल्कनीखालच्या स्टॉलात जे व्हायचं, अगदी तेच. एसीत आणि चौपट भावात, एवढाच काय तो फरक.

पण खरी गंमत पिक्चर संपल्यावर होती. आपल्याकडे शेवटचं दृश्य संपायच्या आधीच अर्धं थेटर जिन्यावर असतं, कारण स्टँडवरून गाडी आधी काढायची असते. मार्व्हलनं दहा वर्षं नावांच्या यादीनंतर पुढच्या भागाचा एकेक तुकडा दाखवून लोकांना बसून राहायची सवय लावली. त्या दिवशीही दिवे लागले, दारात झाडूवाली पोरं खराटे आणि काळ्या पिशव्या घेऊन तयार, आणि आत दीडशे माणसं मख्ख बसलेली. यादी सरकत राहिली. शेवटी कुठलंही दृश्य आलं नाही. फक्त लोखंडावर घणाचे घाव ऐकू आले, पहिल्या 'आयर्न मॅन'मध्ये गुहेत चिलखत ठोकताना आला होता तोच आवाज. ज्यांना कळलं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, बाकीच्यांनी "बस, इतकंच?" म्हणत चपला शोधल्या. झाडूवाला पोरगा मात्र आवाज सुरू होण्याआधीच आत शिरला होता. पुढचा खेळ वेळेवर लावायचा तर त्याला यादी संपेपर्यंत थांबणं परवडत नाही.

पिक्चर आठवड्याचा झाला हे 'एंडगेम'च्याच माथी मारणं खरं नाही. ही गोष्ट बरीच जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्याच भागातून जातो. हिंदी चित्रपटांचा व्यापार देशाचे जे भाग पाडतो त्यांतला एक अजूनही 'सीपी बेरार' म्हणून ओळखला जातो. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार हा प्रांत १९५० साली मध्य प्रदेश झाला, नागपूर १९५६ साली मुंबई राज्यात आलं, पण वितरकांच्या वहीतून तो प्रांत काही गेला नाही. विदर्भ, जबलपूर, रायपूर अशा मुलखाचा हिशेब त्या नावाखाली होतो. वितरकांची मोठी पेठ नागपूरपेक्षा अमरावतीला. भुसावळही महत्त्वाचं. म्हणजे नागपुरात कोणता पिक्चर कधी लागणार, हे कितीतरी वर्षं अमरावतीच्या एखाद्या माडीवरच्या कचेरीत ठरत असे.

तेव्हा पिक्चर म्हणजे पत्र्याच्या डब्यांतली रिळं. प्रिंट महाग, त्यामुळे मोजक्या. मोठ्या शहरात आधी, मग जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला, शेवटी जत्रेतल्या तंबूत. एका प्रिंटवर दोन टॉकीज चालवायच्या तर इकडचं रीळ संपलं की पोरगा सायकल दामटत तिकडे. वाटेत टायर पंक्चर झालं की तिकडचे प्रेक्षक खुर्च्या बडवायचे. या व्यवस्थेत दिरंगाई होती, फसवणूक होती, ब्लॅकवाल्यांची चांदी होती. पण तिच्यात वेळही होता. पिक्चर पडला की उठला हे कळायला दोन-तीन आठवडे मिळत. 'शोले'चे पहिले दिवस थंडच गेले, असं त्या काळचे लोक सांगत आले आहेत. आजच्या हिशेबानं सोमवारीच त्याचे खेळ निम्म्यावर आले असते.

नागपुरात या टॉकीजांची नावं पत्त्यांमध्ये उरली आहेत. व्हरायटी चौकात आज गांधीजींचा पुतळा आहे आणि ज्या पोरांनी व्हरायटी टॉकीज कधी बघितली नाही ती पोरंही रिक्षावाल्याला व्हरायटी चौकच सांगतात. पंचशील चौक, अलंकार टॉकीज चौक, जानकी टॉकीज, तिकडे सदरमध्ये लिबर्टी आणि स्मृती. काही बंद पडल्या, काहींनी कात टाकली. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली होती. तिचे भोंगे गेले आणि त्या जागेवर एम्प्रेस सिटी मॉल उभा राहिला, वर मल्टिप्लेक्स. पाळी सुटल्यावर गिरणी कामगार ज्या पैशांत स्टॉलचं तिकीट काढायचा त्यात आता तिथे दुचाकी लावायचे पैसेही निघणार नाहीत.

मल्टिप्लेक्स आले, आणि त्याच सुमारास उपग्रहावरून पिक्चर थेट टॉकीजमध्ये उतरू लागले. रिळांचे डबे गेले. हे चांगलंच झालं. यवतमाळ आणि गोंदियाला मुंबईच्याच दिवशी पिक्चर दिसू लागला. पण ज्या निर्मात्याच्या हातात पैसा आहे त्याला एकाच दिवशी तीन हजार पडदे व्यापता येऊ लागले, आणि मग जाहिरातीचा सगळा जोर पहिल्या तीन दिवसांवर आला. 'एंडगेम' देशात पावणेतीन हजारांहून जास्त पडद्यांवर होता. बाहुबलीनं, खानमंडळींनी ही वाट आधीच मळवली होती. 'एंडगेम'नं ती पक्की डांबरी केली.

इथे धंद्यातली एक आतली गोष्ट सांगायला हवी. एप्रिल २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचं भांडण झालं आणि दोन महिने एकही मोठा पिक्चर लागला नाही. तोडगा निघाला तो असा : पहिल्या आठवड्याच्या निव्वळ गल्ल्यातला ५० टक्के वाटा वितरकाचा, दुसऱ्या आठवड्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. याचा सरळ अर्थ, पिक्चर जितका जास्त दिवस चालेल तितका टॉकीजवाल्याचा फायदा. मग तो दुसऱ्या आठवड्याला धरून का ठेवत नाही? कारण पुढच्या शुक्रवारी दुसरा कुणीतरी तीन हजार पडदे मागत उभा असतो, आणि भरलेल्या घराचे ५० टक्के हे ओस पडलेल्या घराच्या ७० टक्क्यांपेक्षा केव्हाही बरे. शिवाय भरलेलं घर पॉपकॉर्न घेतं.

या साऱ्यात मार खातो तो लोकांच्या तोंडून चालणारा पिक्चर. मराठी पिक्चर बहुतेक तसाच चालतो. त्याच्याकडे जाहिरातीला पैसे नसतात. पहिल्या शुक्रवारी दहा-बारा माणसं जातात, घरी येऊन सांगतात, शेजारीण ऐकते, ती पुढच्या रविवारी नवऱ्याला घेऊन निघते, आणि टॉकीजवर गेल्यावर कळतं की पिक्चर उतरला. नागपुरात तर आणखी कठीण. पुण्या-मुंबईचा निर्माता विदर्भाला शेवटी मोजतो, वितरक सकाळी साडेदहाचा किंवा दुपारी अडीचचा खेळ पदरात पाडून घेतो, आणि मग 'विदर्भात मराठी चालत नाही' असा निष्कर्ष निघतो. कामाच्या दिवशी दुपारी अडीचला मराठी पिक्चरला कोण निघतो, हे त्यांना कुणीतरी विचारायला हवं.

उलटं उदाहरण २०२३ चं आहे. ३० जूनला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' लागला. सहा बहिणी : रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर आणि दीपा परब. एकमेकींशी धड न बोलणाऱ्या, आपापल्या दुखण्यांत अडकलेल्या सहा जणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. पांगलेले वीर, जुने हेवेदावे, मग जुळवाजुळव आणि शेवटी एकच मोठी लढत! मार्व्हलच्या पटकथाकारांना हा साचा ओळखीचा वाटला असता. पहिल्या आठवड्यात पिक्चरनं १२ कोटींच्या वर मिळवले आणि दुसऱ्यात जवळपास दुप्पट, २५ कोटींच्या घरात. बायका भिशीच्या गटानं, भजनी मंडळानं, नऊवारी नेसून, नथ घालून, डोळ्यांवर गॉगल चढवून टॉकीजला गेल्या. 'एंडगेम'ला पोरं ढालीचं चित्र असलेला टी-शर्ट घालून गेली होती त्याची मोठी छायाचित्रं छापून आली. इथे साठीच्या बायका वेश करून आल्या होत्या. या बायकांना दुसरा आठवडा मिळाला, कारण पहिल्या आठवड्याअखेर गर्दी इतकी वाढत होती की खेळ काढणं कुणाच्या हिताचं नव्हतं. बहुतेक मराठी पिक्चरांना आपली गर्दी वाढताना दाखवायला तेवढे दिवसच मिळत नाहीत.

नागपूरच्या स्वतःच्या चमूचं काय झालं तेही सांगतो. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं बघितली आणि त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. त्यावर नागराज मंजुळेंनी 'झुंड' काढला. अमिताभ बच्चन नागपुरात येऊन राहिले, गल्ल्यांतून चित्रीकरण झालं, अंकुश गेडामसारखी इथलीच पोरं पडद्यावर आली. त्यांच्या तोंडचं बोलणं आपलं, चालणं आपलं, शिव्याही आपल्या. हिंदी पिक्चरमध्ये नागपूर एवढं खरं कधी दिसलं नव्हतं. लांबी जवळपास 'एंडगेम'एवढीच. वेगवेगळ्या टोकांची पोरं एकत्र येऊन चमू होतो, याहून 'टीम-अप' कशाला म्हणायचं? लागला ४ मार्च २०२२ ला. त्याच शुक्रवारी 'द बॅटमॅन' लागला. बरोबर सात दिवसांनी, ११ मार्चला, 'द काश्मीर फाइल्स' आला आणि बघता बघता पडदे गिळत गेला. 'झुंड'ची तोंडी चर्चा रंगायला लागली तेव्हा खेळ उरले नव्हते. माझ्या ओळखीच्या कितीतरी नागपूरकरांनी आपल्या शहराचा हा पिक्चर मोबाइलवर बघितला, तोही ओटीटीवर आल्यावर. पावसातल्या फुटबॉलचा पिक्चर वीतभर काचेवर!

आता भाषेचं. 'एंडगेम' भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला. तमिळमध्ये आयर्न मॅनला विजय सेतुपतीचा आवाज होता, आधीच्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये तेलुगू थॅनॉस राणा दग्गुबातीच्या आवाजात गरजला होता. मराठी नाही. नागपूरकराचं त्यामुळे अडलं असं म्हणता येणार नाही, आपण लहानपणापासून हिंदीतच पिक्चर बघतो. रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवरून आणलेले राज कॉमिक्स हिंदीच होते, त्यात नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव एकाच अंकात एकत्र यायचे तेव्हा मार्व्हलचं नावही आम्हाला माहीत नव्हतं. मराठीत महानायक हवा तर इंद्रजालचा वेताळ होता. पण स्पायडर-मॅन २००७ साली भोजपुरीत बोलला होता, हे लक्षात घेतलं की जरा टोचतं. मराठीत तो बोलला २०२३ साली, 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये. दहा भाषांपैकी एक आपली. त्यात मुंबॅटन नावाच्या शहरातला पवित्र प्रभाकर नावाचा स्पायडर-मॅनही होता. हिंदी आणि पंजाबीत त्याला शुभमन गिलचा आवाज होता. मराठीत बोलणाऱ्याचं नाव पोस्टरवर एवढ्या ठळकपणे कुणी छापलं नाही.

आणि हिंदीवाल्यांनी 'ॲव्हेंजर्स' बघून काय केलं? बाजीराव सिंघम, संग्राम भालेराव आणि वीर सूर्यवंशी या तीन पोलिसांना एकत्र आणलं. रोहित शेट्टीचा 'सूर्यवंशी' २०२१ च्या दिवाळीत, ५ नोव्हेंबरला लागला. महाराष्ट्रातली टॉकीजं त्याआधी दोनच आठवडे उघडली होती, एक खुर्ची सोडून बसायचं होतं, तोंडाला मास्क. त्या पाडव्याला माणसं पिक्चरसाठी कमी आणि थेटरात बसण्यासाठी जास्त गेली. २०२४ च्या दिवाळीत 'सिंघम अगेन' आला, आणखी चार-पाच नट घेऊन, वर रामायणाची फोडणी. त्या तिन्ही पोलिसांची नावं मराठी. बोलतात हिंदी. सटकते तेव्हाच काय ते मराठी येतं. मराठीनं स्वतःचा मुखवट्याचा नायक २०१५ मध्ये करून बघितला होता, निखिल महाजनचा 'बाजी', श्रेयस तळपदे घेऊन. धाडस मोठं, पण पुढचा भाग आला नाही. मुंज्याला मात्र आदित्य सरपोतदारांनी हिंदी भूतविश्वात नेऊन शंभर कोटींचं केलं. कोकणातल्या पिंपळावरचं आपलं भूत, त्यालाही पैसा हिंदीतच मिळाला.

दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी २०१९ साली म्हटलं की मार्व्हलचे पिक्चर हे सिनेमे नव्हेत, करमणुकीची उद्यानं आहेत. त्यावर जगभर भांडणं झाली. मला त्यांचा तो मुद्दा पटत नाही, शेवटच्या लढाईला उभं राहिलेलं थेटर मी बघितलं आहे. पण पुढे त्यांनी लिहिलेला दुसरा मुद्दा, की बाकीच्या सिनेमांना पडदाच उरत नाही, तो आम्हाला नागपुरात बसून जास्त कळतो.

गंमत म्हणजे २०२५ मध्ये मार्व्हलचीच हवा उतरलेली असताना स्थानिक दैवतं आणि यक्षिणी जोरात होत्या. ऑगस्टअखेर आलेल्या मल्याळम 'लोका'नं केरळातल्या नीलीच्या कथेतून स्त्री महानायिका उभी केली आणि तिथले विक्रम मोडले. सप्टेंबरात मराठी 'दशावतार' आला. ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर एकट्याच्या अंगावर वेगवेगळी रूपं घेऊन उभे. सगळा चमू एकाच माणसात! खर्चही वाचला. तो पुढच्या आठवड्यांत टिकला याचं श्रेय बघून आल्यावर गप्प न बसलेल्या प्रेक्षकांचं.

सरकारनं काही केलंच नाही असं नाही. २०१५ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडेंनी मल्टिप्लेक्समध्ये मराठीला मोक्याची वेळ सक्तीची केली, आधी संध्याकाळी सहा ते नऊ, मग गदारोळ झाल्यावर दुपारी बारा ते रात्री नऊ. त्या खिडकीत अडीचचा खेळ नेमका बसतो, हे मल्टिप्लेक्सवाल्यांनी तेव्हाच हेरलं असणार. जुलै २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन नागपुरात भरलं. पहिल्याच शुक्रवारी विधान भवनात पाणी शिरून वीज गेली. त्याच अधिवेशनात तेव्हाचे राज्यमंत्री रवींद्र चव्हाणांनी सांगितलं की मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येतील. आम्ही लगेच पिशवीत सांबारवडी घेऊन जायची स्वप्नं बघितली. महिनाभरात सरकारनं उच्च न्यायालयात वेगळी भूमिका मांडली आणि सांबारवडी घरीच राहिली.

माझी मागणी पॉपकॉर्नपेक्षा साधी आहे. वेळेची सक्ती राहू दे, तिच्यासोबत दिवसांची सक्ती करा. ज्या मराठी पिक्चरला एखाद्या मल्टिप्लेक्सनं शुक्रवारी पडदा दिला, त्याचा एक खेळ, एकच, संध्याकाळी साडेपाचनंतरचा, चौदा दिवस तिथे राहील. रिकामा गेला तर पडद्याच्या भाड्यातला काही भार निर्मात्यानं उचलावा, काही सरकारनं. तिकिटावरच्या कराचा एक वाटा सरकारकडे येतोच. 'ॲव्हेंजर्स : डूम्सडे'ची तारीख १८ डिसेंबर २०२६ ठरली आहे, रॉबर्ट डाउनी ज्युनियर या वेळी खलनायक. डिसेंबर म्हणजे नागपुरात अधिवेशनाचा महिना. आमदार निवासापासून बर्डीवरचा मल्टिप्लेक्स दहा मिनिटांवर आहे. एखाद्यानं लक्षवेधी टाकायची ठरवलीच, तर ११ डिसेंबरला कोणता मराठी पिक्चर लागला होता आणि १८ ला तो कुठे गेला, एवढं विचारून बघावं.